घरगाडीला पांढरा रंग

कुवेतला जाऊन आलो म्हटलं की आमच्या मलकापुरात पहिला प्रश्न येतो, ते उंच निळे मनोरे बघितले का. बघितले. दोनदा. दोन्ही वेळा धावत्या गाडीतून. तेल जमिनीतून कसं निघतं ते बघितलं का? नाही. समुद्र? रोज सकाळी, दोन इमारतींच्या फटीतून, चहाच्या कपाएवढा. मग महिनाभर केलं तरी काय? पहिले तीन आठवडे पाहुण्यासारखं बसून खाल्लं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र अशी धावपळ झाली की ती मीच लिहून ठेवलेली बरी. नाहीतर घरची माणसं उद्या भलतंच सांगतील. तशी सुरुवात त्यांनी केलेलीच आहे.

मी चौथी शिकलो आणि पंचेचाळीस वर्षं ट्रकच्या बॉड्या रंगवल्या. आमच्या हमरस्त्याला तासभर उभं राहिलात तर माझ्या हातचा एखादा मोर अजून तुमच्या समोरून जाईल. एवढी ओळख पुरे.

मुलगी सुजाता कुवेतला एका दवाखान्यात नर्स. जावई दीपकराव मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत कंत्राटावर, मीटर आणि वाल्वची कामं करायचे. अकरा वर्षं दोघं तिथं. यंदा कंत्राट संपलं, नवं मिळेना. नातू पुण्याला कॉलेजात. तेव्हा दोघांनी ठरवलं, बास झालं, घरी जायचं. जायच्या आधी मला आणि सुजाच्या आईला महिनाभर बोलावून घेतलं, आणि गुरुवारच्या विमानाची चार तिकिटं एकदमच काढली.

घरातलं सगळं विकून झालं होतं. फ्रिज गेला, सोफा गेला, कपाट तर आम्ही कपडे काढायच्या आत गेलं. राहिली ती घरगाडी. इंग्रजीत मोटरहोम म्हणतात, तिथली माणसं कारवान म्हणतात. मिनीबसएवढं धूड. आत दोन बिछाने, गॅस, बेसिन, न्हाणीघरसुद्धा. हिवाळ्यात कुवेती माणूस आपलं चांगलं घर सोडून वाळवंटात तंबू ठोकून राहतो. ह्या दोघांनी तंबूऐवजी ही जुनी गाडी घेतली होती. रंग पांढरा, पण उन्हानं जागोजाग पिवळा पडलेला, दाताला तंबाखूचा डाग पडावा तसा.

ती एक नागपूरचा डॉक्टर घेणार होता. शब्द दिला होता. आदल्या गुरुवारी त्याचा फोन आला, बायको नको म्हणते. झालं. गाडी नावावर असेपर्यंत दीपकरावांचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, बंद होत नाही असं कंपनीच्या माणसानं सांगितलेलं. तो बंद झाल्याशिवाय विमान नाही. म्हणजे गाडी विकली तर आम्ही चौघं, नाहीतर तिघं. आणि मार्च लागलेला. तंबूंचा हंगाम संपत आला होता. थंडी सरल्यावर स्वेटर कोण विकत घेतो?

वाळवंट, शुक्रवार

शुक्रवारी तिथं सुट्टी. सकाळी उठून दीपकराव आणि सुजा मोबाईल घेऊन समोरासमोर बसले आणि ओळखीच्या प्रत्येकाला फोन लावत सुटले. एकाच वेळी दोघं बोलत होते. ती मराठीत, ते हिंदीत, मधेच अरबी. साडेनऊला घरगाडी घेऊन जलीबला गेलो. तिथल्या एका दलालानं बोलावलं होतं. जलीब म्हणजे आपल्या कामगार माणसांची वस्ती. एका खोलीत सहा-सहा, आठ-आठ जण. गॅलऱ्यांत लुंग्या वाळत घातलेल्या. एका टपरीवर ढोकळा दिसला, मी थांबायला सांगितलं. सुजा म्हणाली, "आबा, आत्ता नाही." दलालानं गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ घातली आणि म्हणाला, नोव्हेंबरमध्ये आणा.

तिथून उलटं दक्षिणेला. अबू फहद नावाच्या एका म्हाताऱ्या कुवेती माणसाचा तंबू त्या बाजूला होता. त्याचा भाऊ सुजाच्या दवाखान्यात पाय बांधून घ्यायला येतो, त्यानं निरोप दिला होता. डावीकडं शुऐबाच्या कारखान्यांची धुराडी मागं पडली आणि पुढं नुसती जमीन. मला वाटलं होतं वाळवंट म्हणजे वाळूचे डोंगर. तसं काही नाही. आमच्या माणदेशातलं माळरान घ्यावं, त्यावरची बाभळ उपटावी आणि खडे बारीक करावेत, झालं वाळवंट. थोडं हिरवं गवत मात्र उगवलं होतं आणि ते बघायला माणसं कुटुंबासकट आली होती. मी ते चेष्टेवारी घेणार होतो, पण सुजाची आई गाडीतून उतरून त्या गवतावरून हात फिरवून आली. ती म्हणाली, "अवो, किती दिसांनी हिरवं बगितलं!"

अबू फहदचा तंबू अर्धा उतरवलेला होता. सतरंजीवर बसवून त्यानं आधी कॉफी मागवली. तिथली कॉफी म्हणजे वेलदोड्याचं कडू पाणी, आणि कप आपल्या देवघरातल्या वाटीएवढा. मी पिऊन कप खाली धरला की ओतणारा पुन्हा भरायचा. पाहुण्यानं पुढं आलेलं नाकारू नये, ही आपली रीत. मी नऊ कप प्यालो. शेवटी छातीत धडधडायला लागलं तेव्हा दीपकराव कानाशी येऊन म्हणाले, "मामा, नको असेल तर कप हलवायचा असतो. हातात धरून नुसता हलवायचा."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं तुम्हाला आवडली."

हे आमचे जावई. सासऱ्याला काही सांगायचं झालं तर नऊ कप थांबणार.

अबू फहदला गाडी पसंत पडली. त्याला पुढच्या थंडीसाठी हवी होती, आत्ताची घाई नव्हती, आणि आम्हाला घाई आहे हे त्यानं ओळखलंच होतं. तरी त्यानं फार ताणलं नाही. आपल्याकडं अशा सौद्याला तीन दिवस आणि वीस चहा लागतात, त्यात दोघं एकदा तरी उठून जायला निघतात. इथं त्यानं एक भाव सांगितला, दीपकरावांनी एक सांगितला, म्हाताऱ्यानं मधल्यावर हात पुढं केला. म्हणाला, "सोमवार. फहस, मुरूर, खलास." फहस म्हणजे गाडीची तपासणी, मुरूर म्हणजे वाहतूक खातं, आणि खलास तुम्हाला माहीतच आहे.

येताना सुजा गाडीत चक्क गाणं म्हणत होती.

मंगफ, शनिवार आणि रविवार

आता माझं काम येतं. ते नीट सांगतो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. जुनी गाडी दुसऱ्याच्या हवाली करायची तर तशीच मळकी द्यायची नाही. वरून हात फिरवायचा. घेणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपल्या दारात काहीतरी आलं. कितीतरी मालकांना इंजिनाचं कळत नाही, रंगाचं सगळ्यांना कळतं. आणि ही तर माझ्या मुलीची गाडी. पिवळे डाग पडलेली गाडी देऊन माझी मुलगी तो देश सोडणार? मी तिथं असताना?

दोघंही शनिवारी उजाडताना बाहेर पडले. त्यांचं शेवटचं काम, सह्या, चाव्या परत देणं. गाडी त्यांच्या मंगफच्या इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत. मी फहाहीलच्या बाजारात गेलो. तिथं इब्राहिमभाईचं रंगाचं आणि हत्यारांचं दुकान. माणूस म्हसळ्याकडचा, बापाच्या वेळेपासून कुवेतला. मी मराठीत बोलतो म्हटल्यावर स्टूल पुढं केलं, चहा मागवला. हिरवा, पिवळा, लाल, निळा, काळा असे डबे, ब्रश, पॉलिश पेपर, सगळं काढून ठेवलं आणि बांधता बांधता म्हणाला, "चाचा, गाडीला लावताव काय? मुरूरमधून कागद काढलाव का? हिकडं रंग बदलायचा तं परवानगी लागते."

मी म्हटलं, "रंग बदलत नाही. सजवतोय."

तो म्हणाला, "बघा बुवा."

हे त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. आपल्याकडंही गाडीच्या पुस्तकात रंग लिहिलेला असतो, पण ट्रकवर दहा रंग असतात, कोण मोजतो? असं मनात म्हणून मी डबे उचलले.

दोन दिवस मी जेवायलाही वर गेलो नाही. सुजाची आई डबा घेऊन खाली यायची. तिथं पापलेटला झुबैदी म्हणतात, आणि तिनं ती आपल्या तिखटात तळलेली. एका हातानं खात होतो, दुसऱ्यानं पट्टी मारत होतो. कमरेला हिरवा पट्टा, त्याला पिवळी किनार. ड्रायव्हरच्या डोक्यावर उगवता सूर्य. दोन्ही बाजूंना लाल कमळं, देठासकट. आणि मागच्या दारावर मोर, पिसारा अर्धा मिटलेला. पूर्ण उघडा मोर कोणीही काढतो. अर्धा मिटलेला काढायला हात लागतो.

"अवो, जावईबापूंस्नी इचारलं का?" ती म्हणाली.

"सासऱ्यानं जावयाला विचारायचं?"

"गाडी त्यांची हाय."

"आणि मुलगी कुणाची?"

ती डबा घेऊन वर गेली.

इमारतीतली माणसं येऊन बघून जात होती. केरळच्या दोन बायकांनी मोराबरोबर फोटो काढले. एक इजिप्शियन रखवालदार पाच मिनिटं नुसता उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून गेला. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर परदेशात कोणी असं उभं राहिलं की माणसाला कसं वाटतं ते मी लिहीत नाही.

तपासणीच्या दारात, सोमवार

दोघं दोन्ही दिवस अंधार पडल्यावर घरी आले, पुढच्या दारानं आले आणि जेवून झोपले. त्यामुळं गाडी त्यांनी सोमवारी सकाळीच बघितली. सुजा खोकी बांधत वर थांबली होती, दीपकराव आणि मी खाली गेलो. ते जिन्यातून बाहेर आले आणि जागच्या जागी थांबले. चावी हातात. मी वाट बघत होतो.

"मामा," ते म्हणाले. मग घड्याळ बघितलं. "छान आहे. मोर तर… छानच आहे."

"मग?"

"काही नाही. बघू."

त्यांना तेव्हाच धास्ती वाटली होती, हे मला नंतर कळलं. पण सासऱ्याच्या दोन दिवसांच्या कष्टावर सकाळी सात वाजता तोंड कसं टाकायचं? आणि अबू फहद तिकडं येऊन थांबलेला. म्हणून गाडी तशीच नेली.

अबू फहद मोर बघून खूश झाला. "ताऊस! ताऊस!" म्हणत त्यानं मागच्या दारावर थाप मारली आणि मला म्हणाला, "बाबा, ये तुम बनाया? बहोत अच्छा!" मी दीपकरावांकडं बघितलं. ते खाली बघत होते.

तपासणीचा अधिकारी तिशीतला, काळा चष्मा, हातात गाडीचं दफ्तर. दफ्तर म्हणजे नोंदणीचं पुस्तक, आपला शब्द तिथंही चालतो हे बघून मला बरं वाटलं होतं. त्यानं इंजिन बघितलं, दिवे बघितले, मग दफ्तर उघडून एका शब्दावर बोट ठेवलं आणि गाडीकडं बघितलं. पुन्हा शब्दाकडं.

"अबयद," तो म्हणाला.

अबयद म्हणजे पांढरा.

दीपकरावांनी समजावलं, अबू फहदनं समजावलं, मोर किती छान आहे हेही दाखवलं. तो माणूस रागावला नाही, हेच वाईट. त्यानं शांतपणे सांगितलं: नवीन रंगाची परवानगी काढा, तिला दिवस लागतील. नाहीतर पांढरी करून आणा. मग पुढच्या गाडीला हात केला.

अबू फहद म्हणाला, "बुधवार मैं आता. बाद में मैं सफर." बुधवारी दुपारनंतर तो सौदीला मुलीकडं जाणार होता, महिनाभर.

घरी सुजानं आधी मोर बघितला, मग मला. "आबा, कोणाला विचारून केलंत?"

"मला कोणी सांगितलं नाही असलं काही असतं म्हणून," मी म्हणालो.

"विचारलंत का कोणाला?"

"त्या अधिकाऱ्याला रंगातलं काही कळत नाही. तीन हिस्से गाडी अजून पांढरी आहे!"

"दीपक इथं एकटा राहणार आहे, आबा. रिकाम्या घरात. घरही गुरुवारी सोडायचंय. कळतंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "मी माझ्या हातानं तो मोर पुसणार नाही. दुसरं काहीही सांग." आणि आतल्या खोलीत जाऊन उलट्या खोक्यावर बसलो. खुर्च्या विकल्या होत्या.

दुपारी स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून आवाज आला. बघतो तर दीपकराव खाली, पँट दुमडलेली, हातात भिंतीला लावायचा रोलर. पांढऱ्या रंगाची बादली. घासलेलं नाही, पुसलेलं नाही, थेट माझ्या कमळावर रोलर फिरवत होते. रंगाचे ओघळ चाकापर्यंत आलेले. आणि त्यांनी पांढरं फासलं की पाच मिनिटांत खालून कमळ गुलाबी होऊन वर यायचं. ते पुन्हा फासायचे. कमळ पुन्हा गुलाबी.

तिसऱ्या मजल्यावरून मी किती वेळ ते बघितलं कोण जाणे. कोणाही पेंटरला विचारा, लाल रंग पांढऱ्याखाली राहत नाही. त्याच्यावर आधी चंदेरी मारावा लागतो, मग पांढरा. हे त्या माणसाला माहीत नव्हतं, आणि तो घाम पुसत फासत होता.

मी खाली गेलो. म्हटलं, "दीपकराव, बाजूला व्हा. असा रंग देतात होय?"

त्यांनी रोलर माझ्या हातात दिला.

सुजाची आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. म्हणाली, "जावयाची न्हाय, रंगाची कीव आली म्हाताऱ्याला." ते तिचं म्हणणं.

फहाहील आणि मंगफ, मंगळवार

मंगळवारी सकाळी चंदेरी आणि चांगला पांढरा आणायला दीपकराव मला शेजाऱ्याच्या गाडीतून इब्राहिमभाईकडं घेऊन गेले. दुकान नुकतंच उघडत होतं. इब्राहिमभाईनं मला बघितलं, मी काय मागतोय ते ऐकलं, आणि कपाळावर हात मारून दीपकरावांना म्हणाला, "मी चाचांना सांगलेला! कागद काढा म्हणून. शनिवारीच सांगलेला. अय्यो, काय केलाव हा चाचा तुमी?"

दुकानातले सगळे डबे माझ्याकडं बघत होते असं मला वाटलं.

परत येताना मी डबे मांडीवर घेतले. त्यांनी आता मला काही म्हटलं असतं तर मी उलटून बोललो असतो. तयारी करून बसलो होतो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते पुढं बघतच म्हणाले, "मामा, हे सुजाताला सांगू नका. तिला आता आणखी एक नको."

मी म्हटलं, "सिग्नल सुटला."

घरगाडीपाशी आलो की मी दीपकरावांच्या हातात पॉलिश पेपर दिला आणि घासायला लावलं. हात बसेना त्यांचा. "गोल नाही, सरळ. वरून खाली. ताकद लावायची नाही, पोरगं झोपवल्यासारखं." ते शिकले, पण शेवटपर्यंत कोपरे सोडायचे. रोलर मी कोपऱ्यात टाकून दिला होता. दुपारी एकला चंदेरी सुकला. मोरावरून चंदेरी फिरवताना मी मागं वळून कोणाकडं बघितलं नाही. दोनच्या सुमाराला पांढरा सुरू केला. तीन बाजू झाल्या, मागचं दार झालं, काचेसारखा बसला होता.

साडेतीनला इजिप्शियन रखवालदार ओरडत आला. आभाळाकडं हात करून "गुबार, गुबार!" म्हणाला. बघतो तर इमारतींच्या मागं आभाळ तपकिरी झालेलं, आणि ते चालत येत होतं. धूळ. ओल्या रंगावर धूळ!

मी खालूनच ओरडलो, "सुजे! चादरी टाक!"

ती खिडकीत आली. "चादरी खोक्यात गेल्या, आबा! उद्या कार्गोवाला नेणार!"

"खोकी फोड!"

दहा मिनिटांत त्या मायलेकी खाली आल्या, चादरी, दोन गाद्यांच्या खोळी, नऊवारी लुगडी, मच्छरदाणीसुद्धा. गाडीच्या अंगाला चिकटू द्यायचं नव्हतं, म्हणून रंगापासून वीतभर लांब धरून आम्ही तिघं खाली उभे राहिलो. दीपकराव टपावर चढले, वरून टोकं धरायला. मग वारा आला. तोंडात, नाकात, डोळ्यांत माती. सुजाची आई डोळे मिटून जोरात रामाचं नाव घेत होती आणि मधेच म्हणत होती, "माझं हिरवं लुगडं हाय रं देवा, माझं हिरवं लुगडं!"

सुजा माझ्या शेजारी. आदल्या दिवसापासून ती माझ्याशी कामाशिवाय बोलली नव्हती. तोंडाला ओढणी, हात वर ताणलेले. मला गप्प बसवेना. दीपकराव वर होते, वाऱ्यात त्यांना ऐकू जाणार नव्हतं.

"इब्राहिमभाईनं मला आधीच सांगितलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"परवानगी लागते म्हणून. शनिवारीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे मातीनं लाल झालेले.

"आबा," ती म्हणाली, "ते टोक धरा. उडतंय."

मी टोक धरलं. पाऊण तास धरून ठेवलं.

मुरूर, बुधवार

वारा थांबल्यावर बघितलं तर डावी बाजू आणि मागचं दार वाचलं होतं. उजव्या बाजूला मात्र खरखर, हात फिरवला तर रवा लागावा तशी. ती बुधवारी पहाटे उठून पुन्हा घासली. सुजा घासायला आली, तिचा हात नवऱ्यापेक्षा चांगला आहे, सरळ जातो. मग त्या बाजूला एक शेवटचा पातळ हात. मुरूरची खिडकी एक वाजता बंद होणार, आणि हा रंग संध्याकाळशिवाय पक्का सुकत नाही. मी सगळ्यांना बजावलं: उजव्या बाजूला कोणी टेकायचं नाही, बोट लावायचं नाही, दार उघडायचं तर डावीकडचं. दीपकराव गाडी अशी चालवत होते की जणू आत बाळंतीण बसली आहे.

तपासणीला मोठी रांग. अबू फहद आधीच आलेला, पांढरा शुभ्र झगा. आम्ही सावध करायच्या आत तो "सलाम, बाबा!" म्हणत आला आणि खुशाल गाडीला पाठ टेकून उभा राहिला. उजव्या बाजूला. तो हलला तेव्हा गाडीवर एक पुसटसा डाग होता आणि त्याच्या पाठीवर हातभर रंग. पण झगा पांढरा, रंग पांढरा. कोणाला काही दिसलं नाही. मी तेवढ्यात अंगठ्यानं डाग सारखा करून घेतला.

तोच काळ्या चष्म्याचा अधिकारी. दफ्तर उघडलं. बोट त्याच शब्दावर. मग तो गाडीभोवती हळूहळू फिरला. मागच्या दाराशी वाकला, तिरका होऊन उजेडात बघितलं, मोर जिथं होता तिथंच. काहीतरी विचारलं. दीपकराव मला म्हणाले, "विचारतोय, कोणत्या कारखान्यात नेली होती."

"मी केलं म्हणून सांगा."

त्यांनी सांगितलं. अधिकाऱ्यानं चष्मा वर केला, माझ्याकडं बघितलं आणि एक वाक्य बोलला. मी दीपकरावांना विचारलं काय म्हणतो.

"म्हणतो, कोणी रंग लावलाय असं वाटतच नाही."

पंचेचाळीस वर्षं माझा रंग लांबून ओळखू यावा म्हणून मी मेहनत केली. आणि एका पोरसवदा साहेबानं मला पास केलं ते असं. बरं वाटलं की वाईट, अजून ठरवलेलं नाही.

तिथून पळत मुरूरमध्ये. इकडची सही, तिकडचा शिक्का, एक खिडकी चुकीची, दुसरीला माणूस जागेवर नाही. सुजा एका खिडकीला, दीपकराव दुसऱ्या खिडकीला, आणि मी मधे उभा राहून दोघांना कोणाचा नंबर आला ते ओरडून सांगत होतो. पाऊण वाजून गेल्यावर शेवटचा कागद बाहेर आला. त्यावर आता दीपकरावांचं नाव नव्हतं. कंपनीचा माणूस बाहेर थांबलेला, तो कागद घेऊन इकाम्याच्या हापिसाकडं धावला.

अबू फहदनं चावी घेतली, सगळ्यांशी हात मिळवला. माझा हात मात्र सोडेना. दीपकरावांमार्फत म्हणाला, पुढच्या थंडीत या, माझ्या तंबूत राहा, आणि तो मोर परत काढून द्या. दोन्ही बाजूंना.

मी म्हटलं, "सांगा त्यांना, आधी परवानगीचा कागद दाखवा. मग ब्रश."

दीपकराव वीस वर्षं माझे जावई आहेत, पण मी त्यांना मोठ्यानं हसताना कधी बघितलं नव्हतं. ते असे हसले की खिडकीतला पोलीस बाहेर डोकावला. सुजा भिंतीला टेकून खाली बसली आणि तीही हसत होती, की रडत होती, ते मी बघायला गेलो नाही.

इकामा बंद झाल्याचा कागद संध्याकाळी चारला आला. गुरुवारी आम्ही चौघं विमानात बसलो. खिडकीची जागा तिकिटावर माझी होती. मी ती दीपकरावांना दिली. ते पट्टा बांधायच्या आधी झोपले, आणि कुवेत जे काही वरून दिसलं ते मी त्यांच्या अंगावरून वाकून, त्यांना धक्का लागू न देता बघितलं.